जंगलाचा पडदा आणि इंग्रज कवी

कल्पनाशक्ती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते आणि हातात हातोडी होती. मुलुंडच्या आमच्या गणेशोत्सवाच्या मांडवात, स्टेजच्या मागच्या अंगाला, मी राजवाड्याचा पडदा बांबूला ठोकत होतो. पुढच्या बाजूला व्याख्यान चालू होतं. त्या पन्नासच्या दशकात गणपतीत आधी व्याख्यानं आणि शेवटी नाटक अशी रीतच होती. व्याख्यानाला म्हातारे यायचे, नाटकाला सगळे. त्या दिवशीचा विषय होता इंग्रज कवी आणि निसर्ग. बोलणारे एक प्रोफेसर होते. शहरातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मुलुंडला स्टेशनच्या पश्चिमेला भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहायचे.

ठोकाठोक बंद करा असा निरोप आला म्हणून मी गप्प बसलो, आणि गप्प बसलो म्हणून ऐकलं. नाहीतर इंग्रज कवींचं आणि माझं काय नातं? माझी शाळा चौथीत संपली. इंग्रजी मला एवढंच यायचं की रंगाच्या डब्यावर ग्रीन लिहिलंय की ब्राऊन ते ओळखावं, आणि तेसुद्धा झाकण उघडून.

मी नाटकाचे पडदे रंगवायचो. आताच्या पोरांना हे सांगावं लागतं. तेव्हा कुठल्याही मंडळाचं नाटक असो, मागे कापडाचा रंगवलेला पडदा पाहिजेच. रस्ता, राजवाडा, बगीचा, जंगल. असे पडदे रंगवून भाड्यानं देणारे लोक होते. मुलुंडला लाकडाच्या वखारीमागे पत्र्याच्या शेडमध्ये अशाच एका पेंटरच्या हाताखाली मी होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांची पद्धत अशी: जाड कागदावर झाड काढायचं, त्याच्या रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद पडद्यावर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. कागद उचलला की पडद्यावर ठिपक्यांचं झाड तयार. केळ, नारळ, हंस, कमळ, हरीण, धबधबा, सगळे कागद भिंतीला खिळ्यांवर टांगलेले. जंगल पाहिजे? तो नारळ घे, ते हरीण घे, धबधबा मध्ये टाक. झालं जंगल.

त्या वर्षी अण्णा गणपतीला गावी गेले होते आणि जाताना मंडळाच्या नाटकाचा जंगलाचा नवा पडदा माझ्यावर टाकून गेले. 'एकट्यानं कर. मी हात लावणार नाही,' म्हणाले. मला आनंद झाला, पण घरी वेगळंच शिजत होतं. माझे वडील परळच्या गिरणीत होते. पडदे रंगवणं हे काम आहे हे त्यांना कधी पटलंच नाही.

"झाडां रंगवन कोणाचां पोट भरलां हा?" ते म्हणायचे. त्यांची मालवणी शेवटपर्यंत सुटली नाही, मी मात्र मुंबईचं बोलायचो. "अण्णा नाय तर तू एकटोच करतलंस मां? बरां. नाटकाक येतंय मी. पडदो चांगलो झालो तर रव थय. नाय झालो तर सोमवारी माझ्यावांगडा गिरणीत. जॉबराक सांगान ठेवलंय."

जॉबर म्हणजे गिरणीत माणसं लावणारा मुकादम. नाटक रविवारी होतं. म्हणजे माझं आयुष्य त्या एका कापडावर टांगलेलं होतं. गिरणीत गेलो असतो तर उपाशी मेलो नसतो, हजारो लोक जात होते. पण मला रंग कापडाला धरावा म्हणून त्यात घालतात त्या सरसाच्या वासाची, रंगाच्या पुड्यांची सवय लागली होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं की मी चांगला आहे.

तर व्याख्यान. प्रोफेसर सांगत होते की या कवींच्या आधी तिकडे कविता म्हणजे ठरलेला साचा झाला होता. ठरलेला चंद्र, ठरलेली मेंढरं, ठरलेला झरा. मग हे लोक आले आणि म्हणाले, आधी घराबाहेर पडा आणि बघा. डोंगर चढा, तळ्याकाठी बसा, गुराख्याशी बोला. निसर्ग ही शोभेची वस्तू नाही, तो गुरू आहे. पण नुसतं बघून भागत नाही. डोळा बघतो तेव्हा मनही आपल्याजवळचं काहीतरी त्यात ओततं. अर्धं बाहेरचं, अर्धं आतलं. आणि मनाच्या म्हणे दोन शक्ती असतात. एक नुसती जुळवाजुळव करते. इथलं उचल, तिथलं उचल, शेजारी शेजारी मांड. दुसरी सगळं विरघळवून टाकते आणि त्यातून नवीनच काही उभं करते. ती खरी कल्पनाशक्ती.

इथपर्यंत मी मान डोलवत होतो. मग पहिल्या शक्तीचं उदाहरण द्यायला त्यांनी मागे हात केला, म्हणजे माझ्याकडे. "आपल्या नाटकातला जंगलाचा पडदा घ्या. नारळ इथला, हरीण तिथलं, धबधबा आणखी कुठला. दिसायला सुंदर. पण ती जुळणी झाली. तिथे जिवंत काही नाही."

मी तोंडातले खिळे काढले आणि दोन पडद्यांच्या फटीतून मुंडकं बाहेर काढलं.

"सर, एक विचारू?"

मांडवात हशा झाला. प्रोफेसर दचकले, पण माणूस सभ्य. "विचारा ना."

"जुळवल्याशिवाय जगात काय होतं? डाळ-तांदूळ जुळवल्याशिवाय खिचडी होते?"

"नाही होत. पण खिचडी शिजल्यावर त्यातली डाळ वेगळी काढून दाखवता येईल का तुम्हाला?"

"नाही."

"आणि तुमच्या पडद्यावरचं हरीण?"

हरीण तर नक्कीच वेगळं काढता आलं असतं. त्याचा कागद खिळ्यालाच टांगलेला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "ए रंगाऱ्या, हरीण घेऊन आत हो!" आणि पुन्हा सगळे हसले. मी आत झालो, पण झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोफेसरांच्या दारात उभा. त्यांना वाटलं भांडायला आलो. भांडायलाच गेलो होतो, पण त्यांच्या मिसेसनी चहा ठेवला, आणि चहा पिताना माणूस किती भांडणार. मी विचारलं, हे इंग्रज कवी नक्की करायचे काय?

"चालायचे," ते म्हणाले. "खूप चालायचे. ऊन, वारा, पाऊस काही बघायचे नाहीत. डोंगरातून मैलच्या मैल."

"आणि पोटापाण्याला?"

"कुणाची थोडीफार मिळकत, कुणाला मित्र सांभाळायचे, कुणी कर्जातच असायचे."

"त्यांच्या डोंगरात वाघ असतात?"

"नाही बुवा. मेंढ्या असतात."

"मग चाललं असेल," मी म्हटलं. आमच्या मुलुंडच्या डोंगरात तेव्हा बिबळे होते. कुत्री नाहीशी व्हायची.

प्रोफेसर खूप हसले. पण मग गंभीर होऊन म्हणाले, "मी स्वतः त्या डोंगरावर कधी गेलेलो नाही. खिडकीतून रोज दिसतो. पंधरा वर्षं निसर्गकविता शिकवतोय मी." ते हे असं म्हणाले की जणू त्यांनाच त्याचं नवल वाटत होतं.

मी मात्र गेलो. कागद खिळ्यांवर टांगलेले तसेच ठेवले आणि कोळशाचे तुकडे घेऊन निघालो. तेव्हा स्टेशनच्या पश्चिमेला थोडं चाललं की भातखाचरं लागायची आणि मग सरळ चढ. पावसानं उघडीप दिली होती. मी एका कातळावर बसलो आणि बघायला लागलो.

आता हे कसं सांगू. इतकी झाडं मी रंगवली होती, पण झाड कधी बघितलं नव्हतं. खोड तपकिरी असतं असं मी समजत होतो. नसतं. राखाडी असतं, त्यावर शेवाळाचे पोपटी डाग असतात, ओल्या बाजूला ते काळं दिसतं. हिरवा हा एक रंग नाहीच. उन्हातलं पान पिवळं, त्यामागचं निळसर, आणि पाठीमागून ऊन आलं की पान दिव्यासारखं पेटतं. आणि सावली! सावलीला आम्ही काजळ टाकायचो. नीट बघितलं तर सावली निळी असते, चक्क निळीची बाटली सांडल्यासारखी. मला आश्चर्य वाटत राहिलं की हे सगळं इतके दिवस इथेच होतं, आणि मी रोज खाली बसून भोकांच्या कागदावर कोळसा आपटत होतो.

मोळी घेऊन जाणारी पाड्यावरची एक बाई थांबली. "काय बघतो रे?"

"झाड."

"कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही."

"मंग?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत निघून गेली.

एका दुपारी ढग खाली उतरला. डोंगराला तो नेहमीच शिवतो, पण आत मी कधी नव्हतो. डोळ्यांसमोरचा कातळ गेला, माझे पाय गेले, सगळं पांढरं झालं. आवाजसुद्धा बंद. मी उठायला गेलो तर पुढे उतार आहे की कडा कळेना, म्हणून तसाच बसलो. भ्यायलो होतो. मी कुठे आहे ते मला सांगता येईना, आणि त्या भीतीत काहीतरी गोडही होतं, त्याला नाव नाही माझ्याकडे. मग पांढऱ्यात एक फट पडली आणि एक झाड दिसलं. रोजचंच असणार ते, पण ते जवळ आलं होतं. म्हणजे झाड चालत नाही हे मला कळतं. पण ते पुढे येऊन उभं राहिल्यासारखं दिसलं, आणि मला वाटलं आता हे काहीतरी बोलणार. ते बोललं नाही. ढग हलला, ऊन पडलं, आणि ते झाड कुठलं ते मला मागाहून शोधूनही सापडलं नाही.

खाली येऊन मी पडदा सुरू केला. अण्णांचा एक नियम होता. शेडच्या खिडक्यांना गोणपाट लावायचं, विजेचा दिवा लावायचा आणि भर दिवसा दिव्याखाली रंग कालवायचे. मला ते नेहमी म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. बाहेर सूर्य असताना आत बसून बल्ब कशाला जाळायचा? मी कापड बाहेर उघड्यावर ताणलं आणि डोंगराकडे बघत, उन्हात रंग लावला. सावल्यांना नीळ घातली. हिरवे किती तऱ्हेचे कालवले ते मलाच माहीत नाही. मध्ये धबधबा, कारण नाटकात तो पाहिजेच होता. तोही पांढराशुभ्र काढला नाही, दगडावर दिसतो तसा करडा-निळा काढला.

लोक बघायला येऊ लागले. मंडळाचे कार्यवाह आले. ते एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि नाटकही त्यांनीच लिहिलं होतं. "झकास! अरे, याच्यावर पाखरं बसतील!" म्हणाले. प्रोफेसर कॉलेजची पिशवी घेऊन तसेच आले, बराच वेळ उभे राहिले. "पाहिलंत तुम्ही," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी जमिनीवर चालत नव्हतो.

शनिवारी संध्याकाळी रंगीत तालीम. पडदा स्टेजला चढवला. पत्र्याच्या डब्यांत बसवलेले बल्ब पेटले.

आणि माझं जंगल मेलं.

पिवळ्या उजेडात निळी सावली काळी ठिक्कर पडली. बारीकसारीक हिरवे एकमेकांत जाऊन शेणाचा रंग झाला. धबधबा तर गटार वाहिल्यासारखा. मी बघतच राहिलो. उन्हात खरा होता तो पडदा, शपथेवर सांगतो, खरा होता. पण स्टेजवर ऊन नसतं.

"हे काय आहे?" कार्यवाह ओरडले. "जंगल की सारवलेली भिंत? नायिका कशात उडी मारणार, चिखलात? वाट लागली नाटकाची!"

"भिंतच दिसते," नायकाचं काम करणारा बँकेतला तरुण म्हणाला. "मी म्हणेन, प्रिये, ही बघ आपली चाळ."

"तू गप रे! मी उद्या सकाळी दादरहून भाड्याचा पडदा आणतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"संध्याकाळी काय करणार?"

"ते माझं मी बघतो." काय करणार हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण भाड्याचा पडदा लागला की बाबांनी काही विचारायची गरजच उरणार नव्हती. कार्यवाहांनी कपाळाला हात लावला. शेवटी ते म्हणाले, भाड्याचा पडदा आणून ठेवतो, पाचला बघू कुठला लावायचा ते.

रविवारी सकाळी मी मांडवात त्या पडद्यासमोर बसलो होतो तेव्हा प्रोफेसर आले. त्यांना रात्रीचं कळलं होतं. मी त्यांच्यावरच घसरलो.

"तुमच्या कवींनी सांगितलं बघा, म्हणून बघितलं. बघितलं तसं काढलं. ही बघा काय दशा झाली."

ते माझ्या शेजारी बाकावर बसले. "मला रंगातलं काही कळत नाही. पण ते तिथल्या तिथे बसून लिहीत नसत, बहुतेक वेळा. घरी यायचे. दिवस जायचे. मन शांत झालं की जे आपोआप परत वर यायचं, ते लिहायचे. झाडाबद्दल नव्हे. झाड बघून आपल्याला काय झालं त्याबद्दल."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की व्याख्यानात. तुम्ही तेव्हा मागे खिचडीचा विचार करत असणार."

मला हसू आलं, वैतागलेला असूनही. ते म्हणाले, "पडद्याकडे पाठ करा. आता सांगा, डोंगरावरचं काय आठवतंय?"

मी पाठ केली, डोळे मिटले. पोपटी डाग, निळ्या सावल्या, शंभर हिरवे, एवढं मेहनतीनं बघितलेलं, त्यातलं काहीच येईना. आलं ते पांढरं. आणि त्यातून पुढे आलेलं ते झाड.

मी मांडवाच्या कडांना ताडपत्री सोडली आणि सगळे बल्ब पेटवले. अण्णांचं खूळ एकदाचं डोक्यात शिरलं. सरसाच्या रंगाचं एक असतं: तो वाळला तरी पाण्यानं पुन्हा सुटतो. त्यामुळे एकावर एक थर देताना हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर खालचा रंग वर येऊन घाण होते. मी उलट केलं. मोठा कुंचला बादलीत बुडवला आणि माझ्या जंगलावर फिरवला. पानं सुटली, सावल्या वाहिल्या, धबधबा जंगलात मिसळला. इतक्या दिवसांचं काम डोळ्यांदेखत विरघळत होतं. प्रोफेसर उठून उभे राहिले. ओलं असतानाच मी पांढरी माती कालवली, त्यात चिमूटभर पिवडीची पिवळी माती, आणि ती वरून सोडली. खालचे हिरवे तिच्यातून कुठे कुठे झिरपले. दिव्याखाली त्याचं धुकं झालं. मी ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण चुकूनही झालं नाही.

"सर, तो लोंबता बल्ब उजवीकडे धरा. जरा वर. हलवू नका."

त्यांनी धरला. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर रंगाचे थेंब उडत होते. मी गेरू आणि काजळ घेतलं आणि ते झाड काढलं. डोळ्यांनी बघितलं होतं तसं नव्हे, कारण बघितलं ते क्षणभरच. आलं तसं काढलं.

"बघा," प्रोफेसर हळूच म्हणाले, "विरघळवलंत आणि पुन्हा उभं केलंत. हेच ते मी म्हणत होतो."

"सरस पातळ पडला होता म्हणून रंग इतका सुटला," मी म्हटलं.

"तेही खरं."

आमच्या दोघांत खरं कोणाचं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी पुष्कळदा विचार केला आहे. सरस घट्ट असता तर ते झाड आलं असतं का? आणि ते झाड डोंगरावर भेटलं नसतं, तर सुटलेल्या रंगाचं नुसतं पांढरं फडकंच झालं नसतं का?

पाचला कार्यवाह भाड्याचा पडदा खांद्यावर टाकून आले. माझ्या पडद्यापुढे थांबले. "हे चांगलं दिसतंय," ते नाइलाजानं म्हणाले, "पण धबधबा कुठाय?"

"धुक्यात आहे."

"माझ्या नाटकात नायिका धबधब्यात उडी मारते!"

"मग धुक्यात मारू दे. पाण्याचा आवाज तुम्ही करणारच आहात ना मागून?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मग भाड्याचा पडदा कोपऱ्यात आपटून निघून गेले. तो परत कुणी उचलला नाही.

बाबा नाटकाला आले ते शर्टाची वरची गुंडी लावून, लग्नाला आल्यासारखे. तिसऱ्या ओळीत ताठ बसले. तिसऱ्या अंकात जंगलाचा पडदा उघडला. नायक आला, हात लांब करून म्हणाला, "प्रिये, बघ हा खळाळणारा धबधबा!"

"कुठाय रे?" मागून एक आवाज. "चष्मा दे कोणीतरी!"

हशा पिकला. पण कार्यवाह मोठा धूर्त माणूस. त्यांनी विंगेत स्वतः बादली उचलली आणि वरून परातीत पाणी ओतायला सुरुवात केली, थांबेचनात. पाण्याचा आवाज धुक्यातून यायला लागला. दिसत काहीच नव्हतं आणि ऐकू येत होतं. हसणं हळूहळू विरलं. नायिका त्या झाडाच्या बाजूनं चालत विंगेत गेली, नायकानं हाक मारली, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं "अगं बाई, गेली!" असं मोठ्यानं म्हटलं. मी विंगेतून बाबांकडे बघत होतो. ते नायकाकडे बघत नव्हते. त्यांची नजर झाडावर होती.

नाटक संपलं. आम्ही पडदा गुंडाळायला घेतला तेवढ्यात बाबा स्टेजवर चढले. "थांबा रे," पोरांना म्हणाले. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मी उभाच. आता गिरणीचं बोलतील, नाहीतर राहा म्हणतील, काहीतरी एक.

"ह्यो आमच्या पाणंदीतलो फणस," ते म्हणाले.

पाणंद म्हणजे गावच्या घराकडे जाणारी चिंचोळी वाट. ते घर भाऊबंदकीत गेलं तेव्हा मी अंगावर पीत होतो. त्यानंतर आम्ही कधी गेलोच नाही, गणपतीलासुद्धा नाही. बाबांनी गावाबद्दल बोलणंच बंद केलं होतं.

"बाबा, हे मुलुंडच्या डोंगरावरचं झाड आहे. मी तुमची पाणंद बघितलेली नाही."

"तुका काय ठावक? तू दुपट्यात होतंस. मी वळखतंय ना." त्यांनी बोट उचललं. "पण हय उजव्या अंगाक एक फांदी होती. खाली वाकलेली. पाणंदीतसून जाताना माथ्याक लागायची. ती खय गेली?"

"नव्हतीच."

"होती."

"झाड मी काढलंय, बाबा."

"काढलंस तू. पण झाड माझां."

घरी जाईपर्यंत आम्ही त्या फांदीवरून भांडलो. खाडीकडून मिठागरांचा वारा येत होता, रस्त्यात आणखी दोन मंडळांचे गणपती लागले, प्रत्येकापुढे बाबा हात जोडायचे आणि पुढे निघालं की पुन्हा फांदी. असला हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही. मला मनातून नवल वाटत होतं: मी एका ढगात काहीतरी बघितलं, ते कापडावर ठेवलं, आणि त्यातून यांनी कुठल्या कुठे आपल्या गावची वाट काढली. मी ठेवलेलं नसताना त्यांना ते सापडलं कसं? प्रोफेसरांना विचारायला पाहिजे असं वाटलं, आणि नंतर विचारलंही. त्यांनी बरंच सांगितलं, पण त्यांनाही ते पूर्ण सांगता आलं नाही, आणि तसं ते कबूलही केलं.

सोमवारी सकाळी मला जाग आली तेव्हा उन्हं खोलीत आली होती. मी धडपडत उठलो. बाबांचा डबा नव्हता, चपला नव्हत्या, पहिली पाळी कधीच लागली असणार.

"आये, मला उठवलं का नाहीस? गिरणीत जायचं होतं ना?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "मीच उठवत होतंय. तेच म्हनाले, निजांदे तेका. रंगाचां काम करता, डोळे दुखतले."

संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आईनं ताट वाढलं. एक घास घेऊन ते मला म्हणाले, "फांदी काढलंस?"

"नाही."

"मगे उद्या काढ," असं म्हणून ते मुकाट जेवायला लागले. ती फांदी मी कधी काढली नाही, आणि गिरणीचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.